आधी कान, मग विमान

डिचोलीतल्या आमच्या घराच्या सोप्यावर गेल्या पावसाळ्यापासून आठवड्यातून तीन संध्याकाळी पाच मुलं येऊन बसतात. माझी भाची त्यांना चिनी भाषा, म्हणजे मँडरिन, शिकवते. पहिले दोन महिने त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं, वहीही नव्हती. भाची नुसतं 'मा' म्हणायची आणि मुलांनी तो कितवा सूर ते बोटांनी दाखवायचं. उंच आणि सपाट 'मा' म्हणजे आई. खालून वर चढणारा 'मा' म्हणजे ताग. खाली दबून उठणारा 'मा' म्हणजे घोडा, आणि वरून आपटल्यासारखा टाकलेला 'मा' म्हणजे रागावणं. अक्षर एकच, पण सूर बदलला की शब्द बदलला.

माझी आई ८३ वर्षांची आहे. आतल्या खोलीत ती वाती वळत बसलेली असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती उंबऱ्यापाशी आली आणि भाचीला म्हणाली, "त्या पेडण्याच्या मुलाचा दुसरा न् तिसरा एकच होतो गो. दुसरा खालून न्यायचा ना? तो आधीच वर जाऊन बसतो." आईला चिनी भाषेचा गंध नाही. पण साठ वर्षं देवळातल्या भजनात बसलेला तिचा कान आहे. तिने सांगितलेली चूक खरी होती. भाचीने त्या मुलाला 'मा' हमिंग करून, ओठ मिटून म्हणायला लावला आणि दहा मिनिटांत त्याला फरक कळला.

मी उच्च माध्यमिक विद्यालयात तीस वर्षं मराठी शिकवलं. चिनी मला येत नाही. तरीही हा लेख लिहितोय, कारण परदेशातल्या उन्हाळी भाषा-अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलांची तयारी आपल्याकडे ज्या पद्धतीने केली जाते, ती मला मुळातच चुकीची वाटते. ती तयारी व्हायला हवी कानाची, जिभेची आणि सवयीची, तीही मुलाच्या स्वतःच्या भाषेतून. आणि हे काम एखाद्या खाजगी वर्गावर न सोडता गोवा सरकारने आणि विद्यापीठाने अंगावर घ्यायला हवं.

भाचीचंच सांगतो. तीन वर्षांपूर्वी तिला ताइवानमधल्या एका भाषाकेंद्रात आठ आठवड्यांच्या सत्रासाठी प्रवेश मिळाला. हे अभ्यासक्रम कडक असतात. सकाळी चार तास वर्ग, दुपारी एकट्याने शिक्षकांसमोर सराव, रोज श्रुतलेखन, रोज नवे शब्द. अनेक ठिकाणी मुलांकडून लेखी वचन घेतात की सत्र संपेपर्यंत वर्गात, वसतिगृहात, जेवताना, एकमेकांशी फक्त चिनीतच बोलू. जाण्याआधी तिने एका खाजगी वर्गात भरपूर पैसे भरून दीड महिन्याची तयारी केली होती. त्यांनी तिला सहाशे शब्दांची यादी पाठ करायला लावली होती. सगळी इंग्रजी लिपीत, अर्थ इंग्रजीत, उच्चार इंग्रजी वळणाचे. लेखी चाचणीत तिला उत्तम गुण पडले होते.

पहिल्या दिवशी तोंडी परीक्षेत तिला सगळ्यात खालच्या वर्गात टाकलं. ते वाईट नव्हतं. वाईट होतं ते पुढचे दहा दिवस. बाजारात 'विकत घेणं' आणि 'विकणं' या दोन शब्दांत फक्त सुराचा फरक आहे, तिसरा आणि चौथा. ती फळवाल्या बाईला सांगत राहिली की मला पेरू विकायचे आहेत. बाई हसली नाही, गोंधळली. भाचीने मग बोट दाखवून पेरू घेतले आणि त्या दिवसापासून बोटच दाखवायला लागली. सहाशे शब्द डोक्यात असलेली मुलगी दहा दिवस मुकी झाली. रात्री ती फोनवर माझ्या बहिणीशी तासभर मराठीत बोलायची, आणि सकाळी वर्गात डोळे जड. दोन महिन्यांतले जवळजवळ तीन आठवडे अशा तऱ्हेने गेले. पुढे ती सावरली, चांगली सावरली, पण ते तीन आठवडे तिचे तिला परत कुणी दिले नाहीत.

आकडे बघितले की हे नुकसान किती मोठं ते कळतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था आहे. त्यांच्या अनुभवानुसार इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला स्पॅनिश कामापुरती यायला सहाशे ते साडेसातशे तासांचं वर्गशिक्षण पुरतं. चिनीला सुमारे २२०० तास लागतात. आठ आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज चार तास धरले तर होतात १६०. म्हणजे एक उन्हाळा हा त्या वाटेचा जेमतेम चौदावा हिस्सा भरतो. मग तिथे जायचं कशाला? जायचं अशासाठी, की जे सोप्यावर बसून कधीच मिळणार नाही ते तिथे मिळतं: बसवाल्याचा भराभर बोलणारा आवाज, रस्त्यावरच्या पाट्या, समोरच्या माणसाला आपलं कळलं की नाही हे त्याच्या चेहऱ्यावर वाचणं. ते मिळायचं तर पाया इथे घालून जायला हवं. पाया घालायला तिथे जाणं म्हणजे महागाचं सिमेंट विमानाने आणण्यासारखं आहे.

हा विचार नवा नाही. इ.स. ६७१ मध्ये इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू नालंदेला यायला निघाला. तो थेट आला नाही. सुमात्रातल्या श्रीविजय राज्यात सहा महिने थांबला आणि तिथे संस्कृत व्याकरण शिकला. मग भारतात आला, नालंदेत दहा वर्षं राहिला. पुढे त्याने आपल्या देशातल्या भिक्षूंना लिहून सल्ला दिला की भारतात जाऊन शिकायची इच्छा असेल त्याने आधी श्रीविजयात एक-दोन वर्षं राहून सराव करावा, मग पुढे जावं. साडेतेराशे वर्षांपूर्वी माणसाला हे उमगलं होतं, की परक्या भाषेच्या मुलखात उतरण्याआधी मध्ये एक पायरी लागते. आमच्या मुलांचं श्रीविजय कुठे आहे, असा माझा प्रश्न आहे.

खुद्द गोव्यातही तो धडा आहे. १५७८ च्या सप्टेंबरात लिस्बनहून आलेल्या जहाजातून रुज्जेरी आणि रिची हे दोन इटालियन जेझुइट गोव्यात उतरले. धर्मप्रसाराच्या त्यांच्या हेतूची झळ या भूमीने सोसली आहे आणि तो विषय मी सौम्य करून सांगणार नाही. पण भाषा शिकण्याच्या बाबतीत ते पक्के होते. रुज्जेरीला आधी दक्षिणेत, मोती काढणाऱ्या लोकांच्या किनाऱ्यावर पाठवलं. तिथे तो तमिळ शिकला. पुढच्याच वर्षी चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला चिनी शिकण्यासाठी माणूस हवा होता तेव्हा त्याची निवड झाली. तमिळचा चिनीशी काही संबंध नाही. पण ज्याने एकदा परक्या माणसांत राहून, चुका करत, कानाने भाषा उचलली आहे, त्याला दुसऱ्यांदा ते कसं करायचं ते ठाऊक असतं. मकावात त्याचा एक शिक्षक चित्रकार होता. दोघांची सामायिक भाषा नाही, म्हणून तो घोड्याचं चित्र काढायचा आणि सांगायचा, हा 'मा'. रिची १५८२ मध्ये गोव्याहून त्याला जाऊन मिळाला आणि पुढे दोघांनी मिळून पोर्तुगीज-चिनी शब्दकोश रचला. युरोपच्या कुठल्याही भाषेतून चिनीत नेणारा तो पहिला कोश मानला जातो.

आता मुलाच्या स्वतःच्या भाषेतून शिकवण्याबद्दल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे माझ्या हातातलं काम आहे.

चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची जी पद्धत चीनने १९५८ पासून अधिकृत केली, तिचं नाव पिनयिन. ती उपयोगी आहे, पुढे ती शिकावीच लागते. पण ती इंग्रजीच्या डोळ्यांनी वाचली की घात होतो. तिच्यात जिथे 'बी' हे अक्षर आहे तिथे ब नाही, आपला साधा प आहे. जिथे 'पी' आहे तिथे फ आहे. जिथे 'डी' तिथे त, 'टी' तिथे थ. 'जी' म्हणजे क आणि 'के' म्हणजे ख. आपण बीजिंग म्हणतो त्या शहराचं नाव तिथला माणूस पेइचिंगच्या जवळचं उच्चारतो, आणि ताइपेमधला 'ता' खरं तर 'था' आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा प-फ मधला फरक समजावण्यासाठी तोंडापुढे कागदाचा तुकडा धरायला लावतात, हवा लागून कागद हलला की फ, नाही हलला की प. आमच्या मुलाला कागद कशाला हवा? पान आणि फणस हे दोन शब्द त्याच्या तोंडात तिसऱ्या वर्षापासून आहेत. (फणसाचा फ ओठ मिटून म्हणायचा, एवढं मात्र आता शिकवावं लागतं. शाळेतल्या इंग्रजीने तो फ बऱ्याच मुलांच्या तोंडून घालवला आहे.)

त्याहून गंमत च ची. मराठीत च दोन आहेत, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो आणि मुलं दरवर्षी नव्याने चकित व्हायची. 'चिंच' हा शब्द सावकाश म्हणा. पहिला च टाळूला जीभ लावून येतो, शेवटचा च दातांमागून. चहातला च वेगळा, चमच्यातला वेगळा. चिनीतही हे दोन्ही आहेत, वेगळे मोजले जातात आणि त्यांची गल्लत केली तर शब्द बदलतो. शिवाय जीभ मागे वळवून म्हणायचा मूर्धन्य ष त्यांच्याकडे जिवंत आहे आणि तालव्य श सुद्धा. आपल्या षटकोनातला ष आपण बोलण्यातून जवळजवळ हरवला, पण तो कुठे जीभ लावून म्हणायचा हे आपल्याला वर्णमालेने शिकवलेलं असतं.

ताइवानमध्ये पहिलीतली मुलं चिनी चिन्हं शिकण्याआधी ३७ खुणांची एक ध्वनिमाला शिकतात. भाचीने तिचा तक्ता मला आणून दाखवला आणि म्हणाली, "मामा, बघा." मी ओळी वाचल्या: प, फ, म, फ़. त, थ, न, ल. क, ख, ह. ओठ, दात, कंठ, अशा जागांप्रमाणे लावलेले वर्ग, अगदी आपल्यासारखे. हा योगायोग नाही. बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत वर्णमाला चीनमध्ये गेली आणि तिच्या अभ्यासातून तिथल्या भिक्षूंनी आपल्या भाषेतल्या व्यंजनांची अशी प्रतवारी लावली. डिचोलीच्या मराठी शाळेत बाराखडी घोकलेल्या मुलीला हा तक्ता परका वाटायचं कारणच नव्हतं. खाजगी वर्गात तो तिला कुणी दाखवला नाही, कारण तिथे चिनीकडे जायचा रस्ता इंग्रजीतूनच जातो असं गृहीत धरलेलं होतं.

देवनागरी सगळं दाखवते असं माझं म्हणणं नाही. सूर ती दाखवत नाही, ओठांचा चंबू करून म्हणायचा त्यांचा एक स्वर तिच्यात नाही, आणि दोन-तीन महिन्यांनी ती बाजूला ठेवून पिनयिनवर जावंच लागतं. ती शिडी आहे. पण पहिल्या पायरीवर पाय ठेवताना ती हवी. भाचीच्या पाच मुलांना आज पेइ आणि फेइ यांत क्षणभरही विचार करावा लागत नाही. तिला स्वतःला तो फरक ताइपेच्या बाजारात, तीन आठवडे घालवून, शिकावा लागला होता.

लिपीबद्दल थोडक्यात. चीनमध्ये १९५६ पासून सोपी केलेली चिन्हं चालतात, ताइवानात जुनीच पूर्ण चिन्हं. घोड्याचं जुनं चिन्ह दहा रेघांचं आहे, नवं तीन रेघांचं. मूल कुठे जाणार हे आधी ठरवून त्याप्रमाणे शिकवायला हवं. गणिताची चौकटींची वही त्यासाठी पुरते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

सवयीची तयारी मात्र अवघड आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. आमच्या मुलांची जीभ अडली की ती इंग्रजीकडे धाव घेते. मराठीत बोलताना शब्द सुचला नाही की इंग्रजी, कोकणीत बोलताना तेच. अडलेलं वाक्य त्याच भाषेत वळसा घालून पुरं करायची सवयच राहिलेली नाही. आणि तिथे तर नेमकं तेच करावं लागतं. 'झाकण' शब्द आठवला नाही तर 'डब्याच्या वरचं ते' असं म्हणता आलं पाहिजे. भाची दर शनिवारी मुलांकडून एक तास निव्वळ मराठीत बोलून घेते, एकही इंग्रजी शब्द न वापरता. पहिल्या शनिवारी 'चार्जर' या शब्दापाशी सगळे अडकले. एका मुलीने शेवटी "फोनला जेवण देणारी दोरी" म्हटलं. मला ते फार आवडलं. ज्या मुलीला हे सुचलं ती परक्या देशात मुकी होणार नाही, याची मला खात्री आहे.

फक्त चिनीतच बोलण्याच्या वचनाबद्दल एका पालकाने मला सरळ विचारलं, "म्हणजे आमच्या मुलाला मराठी बोलायची बंदी?" गोव्यातल्या माणसाने हा प्रश्न विचारावा यात नवल नाही. १६८४ मध्ये इथल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं होतं, की लोकांनी तीन वर्षांत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ती आठवण आपल्या हाडांत आहे आणि असायलाच हवी. त्या पालकाला मी म्हटलं, ते फर्मान दुसऱ्याने काढलेलं होतं आणि त्याला शेवट नव्हता. हे वचन मूल स्वतः देतं, आठ आठवड्यांसाठी देतं, आणि घरी परत येऊन आईशी मराठीतच बोलतं. फरक समजावून सांगितला की पटतो. पण तो सांगायला कुणीतरी हवं ना. मुलाच्या तयारीत पालकांची बैठक मी म्हणूनच अत्यावश्यक मानतो. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आपण जेवणं आटोपून साडेनऊला फोन लावला तर तिथे रात्रीचे बारा. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगल सरळ चालत नाहीत, तेव्हा दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरून जायचं नाही. आणि रोज तासभर मराठीत रडून घेतलेलं मूल दुसऱ्या दिवशी नव्या भाषेत उभं राहू शकत नाही. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, एवढं ठरवून घ्यावं. श्रावणात मासे खायचे नसतील तर 'मी शाकाहारी आहे' हे वाक्य योग्य सुरात पहिल्याच आठवड्यात पाठ हवं. ताइवानात शाकाहारी खाणावळी भरपूर आहेत, भाचीचा श्रावण तिथे नीट पार पडला.

आता चिनीच का, हा प्रश्न. तो मला गावात, बसमध्ये, लग्नात विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा राग मला समजतो. २०२० च्या जूनमध्ये गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. त्यानंतर महिनाभराने जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परदेशी भाषांच्या यादीत कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन या भाषा आल्या. आदल्या वर्षीच्या मसुद्यात असलेली चिनी त्यातून गळली. भावना खरी आहे, निर्णय मला चुकीचा वाटतो. ज्याच्याशी आपली सीमा भिडलेली आहे त्याची भाषा येणारी माणसं आपल्याकडे जास्त हवीत, कमी नव्हे. शिवाय ही भाषा एका सरकारची मालमत्ता नाही. ताइवान ती बोलतं, सिंगापूरमध्ये ती चार अधिकृत भाषांपैकी एक आहे.

आणि डिचोलीच्या माणसाला तर हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने पडायला हवा. खाणींच्या भरभराटीच्या वर्षांत आमच्या दारावरून रात्रंदिवस ट्रक जायचे. तांबड्या धुळीने झाडांची पानं दिसत नव्हती. ते खनिज बार्जमधून मांडवी-जुवारीतून मुरगावला जायचं आणि तिथून बहुतांश चीनला. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात झालं. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले एका दिवसात घरी बसले. त्या सगळ्या काळात आमचा भाव तिथल्या पोलाद कारखान्यांच्या मागणीवर ठरत होता आणि तिथल्या वर्तमानपत्रातली एक ओळ वाचू शकेल असं माणूस मला आमच्या पंचक्रोशीत भेटलं नाही. आम्ही आमचे डोंगर विकले आणि गिऱ्हाइकाची भाषाही शिकलो नाही.

"आता फोनच भाषांतर करून देतो", असं तरुण म्हणतात. त्यांना मी आमच्या घरचा कागद दाखवतो. १९६१ पूर्वीचा जमिनीचा दस्तऐवज आहे, पोर्तुगीजमध्ये. माझ्या वडिलांना आयुष्यभर तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. दोन जणांनी वाचला तर दोन अर्थ निघाले, आणि कुठला खरा हे ठरवायचं साधन आमच्या हाती नव्हतं. भाषांतर मिळणं वेगळं आणि ते तपासता येणं वेगळं. गोव्यातल्या शेकडो घरांनी हे भोगलं आहे.

एक आक्षेप मला खरोखर टोचतो. गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद पडताहेत, आणि तुम्ही मराठीचे शिक्षक असून चिनीसाठी पैसे मागता? मी हा प्रश्न रात्री अंथरुणात पडून स्वतःलाही विचारला आहे. माझं उत्तर असं आहे, की पालक मराठी शाळेतून मूल काढतात ते मराठीचा राग आहे म्हणून नव्हे. या शाळेतून पुढे कुठे रस्ता जात नाही असं त्यांना वाटतं म्हणून. मराठीतून चिनीकडे रस्ता जातो, आणि तो इंग्रजीतून जाणाऱ्या रस्त्यापेक्षा उच्चारांच्या बाबतीत तरी जवळचा आहे, हे पालकाला सोप्यावर बसून डोळ्यांनी दिसलं, तर मराठी शाळेला त्याचा फायदाच होईल. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये घर सोडून निघाले, पुणे आणि काशीला संस्कृत शिकले, मग सिलोनला जाऊन पाली. आणि जे मिळवलं ते त्यांनी मराठीत आणून ठेवलं. परदेशातून आणलेलं ज्ञान ज्या भाषेत उतरवता येतं ती भाषा मरत नाही.

तेव्हा करायचं काय, ते स्पष्ट सांगतो. विद्यापीठाने किंवा उच्च शिक्षण संचालनालयाने नऊ महिन्यांचा संध्याकाळचा पूर्वतयारी वर्ग सुरू करावा, आणि तो फक्त पणजीत नको. डिचोली, वाळपई, फोंडा, काणकोण इथल्या मुलांना संध्याकाळी पणजीला येऊन रात्री घरी परतायला बस मिळत नाही. पहिले दोन महिने नुसतं ऐकणं. मराठी आणि कोकणी, दोन्हींतून समजावणं. वर्गात वीसपेक्षा जास्त मुलं नकोत, कारण सूर एकेकाचा ऐकावा लागतो. शिकवायला परतून आलेली मुलं घ्यावीत, त्यांना मानधन द्यावं, आणि ज्याला सरकारी मदत मिळाली त्याने परत आल्यावर एक वर्ष शिकवावं अशी अट घालावी. ताइवान सरकारची भाषा-शिष्यवृत्ती उन्हाळी सत्रापासून वर्षभरापर्यंतची असते, दरमहा भत्ता मिळतो, पण विमानाचं भाडं आपलं आपल्याला करावं लागतं. राज्याने ते भाडं उचलावं. खाणीच्या पट्ट्यातल्या घरांना तेवढंच डोंगराएवढं वाटतं.

आणि सगळ्यात आधी वेळापत्रक. त्यांचा 'उन्हाळा' म्हणजे जून ते ऑगस्ट. आपला उन्हाळा संपून पाऊस सुरू होतो, महाविद्यालयाचं नवं सत्र लागतं, हजेरी मोजायला सुरुवात होते. म्हणजे मूल शिकायला जातं आणि इथे गैरहजर म्हणून लागतं. नव्या धोरणाप्रमाणे आता श्रेयांक एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येतात, त्यासाठी श्रेयांक बँक आहे. मग तिथे शिकलेल्या १६० तासांचे श्रेयांक इथे का मोजू नयेत? एका परिपत्रकाचं काम आहे. भाचीला त्या वर्षी हजेरी कमी म्हणून दंड भरून परीक्षेला बसावं लागलं. मुलीने दोन महिन्यांत जे कमावलं त्याची नोंद तिच्या गुणपत्रिकेत कुठेही नाही, दंडाची पावती मात्र बहिणीने जपून ठेवली आहे.

आमच्या सोप्यावरच्या पाच मुलांपैकी दोघं येत्या जूनला जायची आहेत. 'फोनला जेवण देणारी दोरी' म्हणणारी मुलगी त्यातली एक. शिष्यवृत्तीचा अर्ज तिने भरला आहे. दोन महिन्यांची हजेरी माफ व्हावी म्हणून तिने महाविद्यालयाकडे मराठीत एक पानाचं पत्रही दिलं आहे, मी ते वाचलं, एकही शब्द बदलावा लागला नाही. सात आठवडे झाले. उत्तर अजून आलेलं नाही. ती मात्र सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेपाचला येते, चपला उंबऱ्याबाहेर काढते, आणि भाची यायच्या आधी आईसमोर बसून चारही सूर म्हणून दाखवते.